माघार घेणारा वीर

वीररसाची चर्चा करतांना आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं वीराचे चार प्रकार सांगितले आहेत : दानवीर, धर्मवीर, दयावीर आणि युद्धवीर. विद्यार्थी परीक्षेसाठीं ही चौकडी पाठ करतात, प्राध्यापक ती फळ्यावर लिहितात, आणि दोघेही पुढच्या रसाकडे वळतात. परंतु रसगंगाधरकार जगन्नाथपंडित ह्या चौकडीपाशीं क्षणभर थांबला आहे. शृंगाराचे जसे पुष्कळ भेद करतां येतात, तसे वीराचेही कां करूं नयेत, अशी त्याची शंका आहे. आणि उदाहरणादाखल त्यानें सत्यवीर, पांडित्यवीर, क्षमावीर अशीं नांवेंही सुचविलीं आहेत. सत्य सांभाळण्याच्या कामीं ज्याचा उत्साह ढळत नाहीं तो सत्यवीर. हा प्रकार मी कित्येक वर्षें शिकवीत आलों. पण उदाहरण द्यावयाची वेळ आली म्हणजे हरिश्चंद्र आणि युधिष्ठिर ह्यांच्यापलीकडे माझी धांव जात नसे. अलीकडे एक उदाहरण सांपडलें, तें मात्र अशा ठिकाणीं कीं, जेथें शोधावयास मी कधींच गेलों नसतों : मोटारींच्या शर्यतींत.

निमित्त अगदीं साधें होतें. वर्गांत वीररसाचें विवेचन चाललें असतां मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, ‘रश’ ह्या चित्रपटांत जो आहे तो वीररस म्हणावा, कीं नुसता वेग?” मला उत्तर देतां येईना, कारण मीं तो चित्रपट पाहिलेला नव्हता. मोटारींच्या शर्यती म्हणजे श्रीमंतांच्या मुलांनीं पेट्रोल जाळून केलेला गोंगाट, एवढेंच माझें त्यांविषयींचें ज्ञान होतें, आणि मतही तेंच होतें. त्याच आठवड्यांत घरच्या मंडळींसह मीं तो चित्रपट पाहिला. आणि त्यानें जें कुतूहल जागें केलें त्याच्या पोटीं, त्यांतील दोन नायकांपैकीं एक जो निकी लाउडा, त्याचें आत्मचरित्रही मिळवून वाचलें. हर्बर्ट फोल्कर ह्या लेखकाच्या साह्यानें लाउडानें तें जर्मन भाषेंत लिहिलें. त्याचें इंग्रजी भाषांतर १९८६ सालीं निघालें. चित्रपट २०१३ सालचा आहे. एकाच माणसाच्या ह्या दोन चित्रांत जें अंतर आहे तें केवळ तपशिलाचें नाहीं. पराक्रम कशाला म्हणावें, ह्याविषयींच्या दोन कल्पनांमधील तें अंतर आहे. त्याचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

ज्या वाचकांना ह्या खेळाची ओळख नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. फॉर्म्युला वन ही एकाच माणसाला बसण्यापुरत्या, उघड्या चाकांच्या गाड्यांची शर्यत. तिचें जागतिक अजिंक्यपद १९५० पासून चालू आहे. वर्षभर निरनिराळ्या देशांत शर्यती होतात, प्रत्येक शर्यतींतील क्रमाप्रमाणें गुण मिळतात, आणि वर्षाअखेर ज्याच्या गुणांची बेरीज सर्वांत मोठी तो जगज्जेता. आपण ज्या काळाविषयीं बोलत आहोंत त्या काळीं पहिल्याला ९, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४ असा हिशेब होता. त्या काळीं मृत्यु ही देखील ह्या खेळांतील नित्याची गोष्ट होती. ऑस्ट्रियातर्फे उतरणारा योखेन रिंट हा १९७० सालीं मोंझा येथें सरावांत मरण पावला, आणि तोंवर मिळविलेल्या गुणांच्या बळावर मरणोत्तर जगज्जेता ठरला. अशा खेळांत जो तरुण उतरतो त्याला त्याची किंमत आधींच ठाऊक असते.

निकी लाउडाचा जन्म व्हिएन्ना येथें २२ फेब्रुवारी १९४९ रोजीं एका सधन घराण्यांत झाला. आजोबा हान्स लाउडा हे ऑस्ट्रियांतील उद्योगधंद्यांच्या जगांतील बडें प्रस्थ. नातवानें शर्यतींच्या नादीं लागावें हें त्यांना मुळींच मान्य नव्हतें. एका बँकेनें नातवाला साह्य देऊं केलें असतां आजोबांनीं आपलें वजन खर्चून तें बंद पाडलें. तेव्हां नातवानें दुसऱ्या बँकेकडून कर्ज काढलें, आणि तारण म्हणून स्वतःच्या आयुष्याचा विमा लिहून दिला. वस्तुतः त्याच्यापाशीं गहाण टाकण्यासारखें दुसरें कांहीं नव्हतेंच. १९७४ सालीं तो फेरारी ह्या इटालियन संघांत आला आणि १९७५ सालीं जगज्जेता झाला. फेरारीच्या चालकाला हा मान अकरा वर्षांनीं मिळत होता. गाडींत बसून तिचें दुखणें नेमकें कोठें आहे तें ओळखावें आणि मिस्त्र्यांना तें नेमक्या शब्दांत समजावून द्यावें, हें त्याचें खास कौशल्य. बोलणें तुटक, चेहरा थंड, भावनेचें प्रदर्शन नाहीं. वर्तमानपत्रांनीं त्याला ‘संगणक’ म्हणावयास सुरुवात केली. जिंकलेले चषक त्यानें गांवांतल्या एका गॅरेजवाल्याला देऊन टाकले, आणि त्याच्या बदल्यांत आपली गाडी फुकट धुवून घेतली, ही त्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. अशा माणसाला कोणी काव्याचा नायक करील, असें प्रथमदर्शनीं वाटत नाहीं.

आतां १९७६ सालाकडे येऊं. कारण चित्रपट मुख्यतः ह्या एका वर्षाचा आहे. जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग हा शर्यतीचा मार्ग १९२७ पासूनचा, एका फेरीला सुमारें २३ किलोमीटर लांब, डोंगर-झाडींतून वळणें घेत जाणारा. अपघात झाला तर मदत वेळेवर पोंचणें कठीण. १ ऑगस्टच्या शर्यतीपूर्वीं लाउडानें आपल्या सहस्पर्धकांपुढें असा विचार मांडला कीं, ह्या मार्गावर शर्यत करूं नये. बहुमत त्याच्याविरुद्ध गेलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ह्या मार्गाची एक फेरी सात मिनिटांच्या आंत पुरी करणारा पहिला चालक लाउडाच होता. तो विक्रम त्यानें आदल्याच वर्षीं केला होता. तेव्हां ही सूचना ज्याला मार्ग झेपत नाहीं अशाची नव्हती. जो तो मार्ग सर्वांत अधिक जाणत होता त्याची होती. मत विरुद्ध गेलें तेव्हां तो इतरांबरोबर शर्यतींत उतरला. दुसऱ्या फेरींत त्याची गाडी मार्ग सोडून कडेच्या बांधावर आदळली, पेटली आणि परत रस्त्यावर आली. आर्तुरो मेर्झारियो, गाय एडवर्ड्‌स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल ह्या चार स्पर्धकांनीं आपल्या गाड्या थांबवून त्याला ज्वाळांतून ओढून काढलें. डोकें आणि चेहरा भाजला, उजव्या कानाचा मोठा भाग गेला. त्याहून वाईट म्हणजे विषारी धूर फुप्फुसांत गेला. इस्पितळांत त्याच्या उशाशीं धर्मगुरु येऊन मरणाच्या वेळच्या प्रार्थना म्हणून गेला.

ह्या घटनेनंतर बेचाळीस दिवसांनीं, १२ सप्टेंबर रोजीं, लाउडा मोंझा येथें पुन्हां गाडींत बसला आणि चौथा आला. जखमांवरील पट्ट्या शिरस्त्राणाखालीं रक्तानें भिजल्या होत्या. त्याच्या जागेवर फेरारीनें कार्लोस रॉयटेमान ह्या दुसऱ्या चालकाची योजनाही करून ठेवली होती. ह्या प्रसंगाचें वर्णन ज्यानें ज्यानें केलें आहे त्यानें तें वीररसाचा परमोत्कर्ष म्हणूनच केलें आहे, आणि तें योग्यही आहे. पण आत्मचरित्रांत लाउडा ह्या दिवसांविषयीं जें सांगतो तें ऐकण्यासारखें आहे. आपण भीतीवर झटपट विजय मिळविला, असें त्यानें त्या वेळीं जगाला सांगितलें होतें. पुस्तकांत तो कबूल करतो कीं, तें खोटें होतें. मोंझाला भीतीनें त्याचें अंग ताठरलें होतें, परंतु आपलें दुबळेपण प्रतिस्पर्ध्यांच्या हातीं देणें मूर्खपणाचें ठरलें असतें. ज्या पराक्रमासाठीं जग आपल्याला ओंवाळीत आहे, त्याच्याच आंतली भीति मागाहून स्वतःच्या हातानें उघडी करून दाखविणारे आत्मचरित्रकार थोडे.

वर्षाची अखेरची शर्यत २४ ऑक्टोबर रोजीं जपानांत फुजी येथें होती. लाउडाचे ६८ गुण झाले होते. त्याचा प्रतिस्पर्धी, इंग्रज चालक जेम्स हंट, ह्याचे ६५. आकाश फाटल्यासारखा पाऊस पडत होता, मार्गावर पाण्याचे लोट वाहत होते आणि धुकें दाटलें होतें. शर्यत सुरू व्हावयासच फार उशीर झाला. पुढच्या गाडीच्या चाकांनीं उडविलेल्या पाण्याच्या भिंतींतून कोणालाच कांहीं दिसत नव्हतें. भाजलेल्या पापण्यांमुळें लाउडाचे डोळे तर नीट मिटतही नव्हते. दोन फेऱ्या झाल्या आणि लाउडा गाडी आंत घेऊन आला. ह्या परिस्थितींत गाडी हांकणें म्हणजे वेडेपणा आहे, असें त्यानें सांगितलें. फेरारीचा मुख्य तंत्रज्ञ माउरो फोर्गिएरी ह्यानें त्याला एक वाट दाखविली : एंजिनांत बिघाड झाला असें आम्ही जाहीर करतों. लाउडानें नकार दिला. गाडी ठीक आहे. मीच थांबलों आहें. एमर्सन फिटिपाल्डी, कार्लोस पाचे आणि लॅरी पर्किन्स हेही त्या दिवशीं आपण होऊन थांबले, परंतु त्यांच्यापैकीं कोणाचें अजिंक्यपद पणाला लागलेलें नव्हतें. पुढें पाऊस ओसरला. हंट तिसरा आला, त्याला चार गुण मिळाले, आणि ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाच्या फरकानें तो जगज्जेता झाला.

माझ्या मतें लाउडाच्या चरित्राचा कळस मोंझा येथें नाहीं, फुजी येथें आहे. आणि फुजी येथेंही तो गाडी थांबविण्यांत नाहीं, तर फोर्गिएरीला दिलेल्या नकारांत आहे. गाडी थांबविणें हा विवेक झाला. विवेकी माणसें जगांत पुष्कळ असतात. पण विवेकानें घेतलेली माघार आपल्या नांवावर लिहून घेणारीं माणसें फार थोडीं. फोर्गिएरीनें देऊं केलेलें असत्य सर्वांत मोह पाडणाऱ्या जातीचें होतें. त्यानें कोणाचेंही नुकसान होत नव्हतें. सांगणारा स्नेही होता, त्याचा हेतु दयेचा होता, आणि यंत्र कांहीं तक्रार करावयास येणार नव्हतें. आपण पांढरपेशे लोक हें असत्य चांगलें ओळखतों. कचेरींत नको असलेलें काम आलें कीं आपलें पोट दुखूं लागतें. नको असलेल्या समारंभाच्या दिवशीं घरांत कोणाला तरी ताप येतो. “मला येणें योग्य वाटत नाहीं” हें सरळ वाक्य तोंडांतून निघत नाहीं. जगज्जेतेपद हातांतून निसटत असतां, भाजलेला चेहरा घेऊन, परक्या देशांत, सगळ्या वर्तमानपत्रांसमोर हें सरळ वाक्य त्या सत्तावीस वर्षांच्या तरुणानें उच्चारलें.

आतां चित्रपटाकडे वळूं. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड, लेखक पीटर मॉर्गन, संगीत हान्स झिमरचें. लाउडाच्या भूमिकेंत डॅनियल ब्रूल आणि हंटच्या भूमिकेंत क्रिस हेम्सवर्थ. चित्रपटाचें कौतुक आधीं करणें न्याय्य होईल. ब्रूलचें काम असामान्य आहे. भूमिकेसाठीं तो स्वतः लाउडाला भेटला होता; आणि तो तुटकपणा, ती सभ्यतेची फिकीर न करणारी सत्यनिष्ठा त्यानें नुसत्या उच्चारांतून उभी केली आहे. फुजीचा पाऊस प्रेक्षकाच्या अंगावर येतो. इस्पितळांत लाउडाच्या घशांतून नळी घालून फुप्फुसें साफ केलीं जात आहेत आणि तो दूरचित्रवाणीवर हंटचा विजय पाहत आहे, हा प्रसंग तर बीभत्साच्या अंगानें वीराला उठाव कसा द्यावा ह्याचा वस्तुपाठच आहे. घरच्या मंडळींनीं तेवढा वेळ डोळ्यांवर हात धरले, आणि मलाही धरावेसे वाटले.

परंतु चित्रपटानें कथेची जी मांडणी केली आहे तिच्याबद्दल माझा मूलभूत आक्षेप आहे. त्यानें एका जीवनाचें द्वंद्व केलें. एका बाजूला मद्य, मैत्रिणी आणि बेफिकिरी ह्यांत रमणारा हंट. दुसऱ्या बाजूला हिशेबी, एकाकी लाउडा. दोघे प्रथम भेटीपासून एकमेकांचे वैरी. वस्तुस्थिति अशी कीं हे दोघे तरुणपणापासून एकमेकांचे स्नेही होते, आणि लाउडानें हें वेळोवेळीं सांगितलें आहे. चित्रपटांत एक वार्ताहर लाउडाला त्याच्या विद्रूप चेहऱ्यावरून अपमानकारक प्रश्न विचारतो, आणि हंट त्या वार्ताहराला एकीकडे नेऊन बेदम चोपतो. हा प्रसंग कल्पित आहे. नाट्यासाठीं कल्पित प्रसंग घालण्याचा अधिकार मी नाकारीत नाहीं. कालिदासानेंही महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत शापाची भर घातलीच होती. पण कल्पित भरीनें मूळ पात्राचें सत्य उजळलें पाहिजे. दुर्वासाच्या शापानें दुष्यंताच्या स्वभावावरील डाग धुतला, आणि त्याचबरोबर विस्मृति हा नाटकाचा आत्मा झाला. वार्ताहराला मारलेल्या ठोशांनीं लाउडाविषयीं आपल्याला काय कळतें? एवढेंच कळतें कीं, त्याच्या मानाचें रक्षण करावयास दुसरा कोणी लागतो. ज्यानें आपल्या मानाची पर्वा न करतां फुजी येथें सत्य सांगितलें, त्याच्यावर हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. चित्रपटांतील लाउडा लग्नानंतर बायकोला सांगतो कीं सुख हा शत्रु आहे, कारण सुख आलें कीं गमावण्यासारखें कांहीं तरी माणसापाशीं येतें. हें वाक्य सुंदर आहे, आणि लेखकानें तें पेरलें आहे तें फुजी येथें उगवावें म्हणूनच. लाउडा गाडी थांबवितो तेव्हां प्रेक्षक तो धागा आपोआप जोडतो : प्रेमानें ह्या यंत्रवत् माणसाला माणूस केलें, म्हणून तो थांबला. डोळ्यांत पाणी येतें, आणि येथेंच घोटाळा होतो. फुजीच्या माघारीला अशा कोमल कारणाची जोड दिली कीं ती माघार क्षम्य ठरते. पण क्षम्य ठरविणें म्हणजे ती अपराध होती हें आधीं मान्य करणें. लाउडाचें स्वतःचें म्हणणें साधें होतें : धोका प्रमाणाबाहेर होता. चित्रपटांतला लाउडाच एके ठिकाणीं म्हणतो कीं, गाडींत बसतांना शेंकडा वीस धोका मी मान्य करतों, त्यावर नाहीं. ह्या वाक्यांत खरा लाउडा अधिक आहे. धैर्य म्हणजे हिशेबाचा अभाव, ही आपली एक जुनी समजूत आहे. चित्रपट तिला धक्का देण्याच्या अगदीं जवळ येतो, आणि मग प्रेमकथेच्या आडोशाला उभा राहतो. लाउडा थांबल्यावर चित्रपटाचें सारें लक्ष हंटच्या चाकांमागें जातें. कारण तेथें वेग आहे, आणि पडद्याला वेगाची भाषा येते. थांबलेल्या माणसाच्या मनांत काय चाललें आहे, हें दाखविण्याचें काम अजूनही शब्दांचेंच आहे.

भरतानें नाट्यशास्त्रांत वीररसाचे विभाव दिले आहेत. त्या यादींत बल, पराक्रम, शक्ति हीं सर्व आहेत. पण ह्या सर्वांच्या आधीं पहिला शब्द आहे असंमोह. गोंधळून न जाणें, बुद्धि स्थिर ठेवणें. त्याच यादींत नय, म्हणजे नीतीचा विचार, हाही पराक्रमाच्या आधींच आला आहे. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या वीररस शिकवितांना यादीच्या शेपटाशीं असलेला पराक्रम तेवढा उचलला. लाउडाचें चरित्र वाचून मला ह्या पहिल्या शब्दाचा अर्थ नव्यानें कळला.

ह्यावर दोन आक्षेप येतील, आणि ते टाळणें बरें नव्हे. पहिला असा कीं, पाऊस तर ओसरला; हंट सुखरूप राहिला; लाउडा धीर धरून हळूहळू चालत राहता तर अजिंक्यपद त्याचेंच होतें. हें खरें आहे. पण ज्या क्षणीं निर्णय घ्यावयाचा त्या क्षणीं पाऊस ओसरेल हें कोणालाच माहीत नव्हतें. फळावरून निर्णयाची योग्यता ठरविणें ही जुगाऱ्याची पद्धत झाली. नशिबानें दान पडलें म्हणून डाव शहाणपणाचा ठरत नाहीं. दुसरा आक्षेप हंटच्या बाजूचा : मग जो थांबला नाहीं तो काय वीर नव्हे? अवश्य आहे. हंटनें त्या पावसांत, शेवटीं टायर खराब होऊन मागें पडल्यावरही, पुन्हां पुढें मुसंडी मारली. तो निखळ युद्धवीर आहे, आणि त्याचें यश कोणीं हिरावून घेऊं नये. माझें म्हणणें इतकेंच कीं, वीराची जात एकच नाहीं. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपल्याकडे भित्र्यांनीं फार वापरली म्हणून तिची अब्रू गेली. लाउडा पुढें आयुष्यभर डोक्यावरचे व्रण झांकण्यासाठीं एक तांबडी टोपी घालून वावरला. त्या टोपीखालच्या डोक्याकडे पाहून ती म्हण पुन्हां एकदां उच्चारण्यास हरकत नाहीं.

चित्रपट १९७६ पाशीं थांबतो. चरित्र तेथें थांबत नाहीं. १९७७ सालीं लाउडानें फेरारीसाठीं पुन्हां अजिंक्यपद मिळविलें आणि फेरारी सोडली. १९७९ सालीं कॅनडांतील शर्यतीच्या सरावांतून तो एकाएकीं उठला आणि खेळांतून निवृत्त झाला. त्याच वर्षीं त्यानें स्वतःची विमान कंपनी काढली. १९८२ सालीं तो परत आला, आणि १९८४ सालीं तिसऱ्यांदां जगज्जेता झाला, तो अर्ध्या गुणानें : त्याचे ७२, त्याच्याच मॅकलॅरन संघांतील आलें प्रोस्त ह्याचे ७१॥. प्रोस्तनें त्या वर्षीं सात शर्यती जिंकल्या होत्या, लाउडानें पांच. तो अर्धा गुण कोठून आला? मोनॅको येथील शर्यत पावसामुळें मध्येंच थांबवावी लागली आणि सर्वांना निम्मे गुण दिले गेले, त्यामुळें. आठ वर्षांपूर्वीं पावसांत एका गुणानें गेलेलें अजिंक्यपद पावसामुळेंच अर्ध्या गुणानें परत आलें. कादंबरीकारानें हें लिहिलें असतें तर आपण त्याला योगायोगाचा दोष दिला असता.

परंतु माझा सिद्धांत ज्या प्रसंगावर उभा आहे तो अजून सांगावयाचा आहे, आणि तो शर्यतींतला नाहीं. २६ मे १९९१ रोजीं लाउडाच्या कंपनीचें बोइंग ७६७ विमान बँकॉकहून व्हिएन्नाकडे निघालें आणि थोड्याच वेळांत थायलंडच्या सुफान बुरी प्रांतांतील जंगलांत कोसळलें. आंतलीं सर्व २२३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. विमान जमिनीवर उतरल्यावर त्याचा वेग रोखण्यासाठीं एंजिनाचा झोत उलटा वळविणारी एक यंत्रणा असते. ती डाव्या एंजिनावर भर आकाशांत आपोआप उघडली होती. लाउडा स्वतः त्या जंगलांत गेला. तो स्वतः विमानचालक होता. आतां प्रश्न असा होता कीं, यंत्रणा उघडल्यावर वैमानिकांना विमान सांवरतां आलें असतें कीं नाहीं? येतें असें मानलें तर दोषाचा कांहीं वांटा मेलेल्या वैमानिकांवर जात होता. लाउडानें कृत्रिम उड्डाणयंत्रावर तो प्रसंग पुन्हां पुन्हां करून पाहिला, विमान सांवरेना. त्यानें पुढें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें तो सीॲटलला विमान बांधणाऱ्या कंपनीकडे गेला आणि म्हणाला कीं, कोणत्याही वैमानिकाला हें विमान वांचवितां आलें नसतें, असें तुम्ही जाहीर करा. नाहीं तर मला एक विमान द्या, मी तें आकाशांत नेऊन ती यंत्रणा उघडतों, आणि काय होतें तें सगळें जग पाहील. कंपनीनें अखेर तसें जाहीर केलें. ती यंत्रणा आकाशांत उघडूं नये म्हणून पुढें विमानांच्या रचनेंत आणखी कुलुपें बसविण्यांत आलीं.

फुजी आणि थायलंड हे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. एका ठिकाणीं यंत्र निर्दोष होतें, आणि दोष यंत्रावर ढकलून माणसाची अब्रू वांचविण्याची सोय होती. लाउडानें ती नाकारली, आणि ती अब्रू त्याची स्वतःची होती. दुसऱ्या ठिकाणीं दोष यंत्राचा होता, आणि तो अंशतः माणसांवर राहूं देण्याची सोय होती. लाउडानें तीही नाकारली, आणि तीं माणसें बोलावयास परत येणार नव्हतीं. दोहोंच्या मध्यें पंधरा वर्षें गेलीं. पहिल्या प्रसंगीं एक अजिंक्यपद जात होतें, दुसऱ्या प्रसंगीं सगळी कंपनी बुडण्याची भीति होती. यंत्राचें यंत्राला आणि माणसाचें माणसाला द्यावें, ही त्याची वृत्ति मात्र तीच. ह्यापुढें मोंझाच्या वेळचें तें असत्यही वेगळें दिसूं लागतें : प्रतिस्पर्ध्यापासून भीति लपविणें ही लढाईची रीत झाली, आणि लढाई संपल्यावर ती भीति स्वतः उघड करून त्यानें तें कर्जही फेडलें.

हा माणूस थोर होता म्हणून निर्दोष होता, असें मला म्हणावयाचें नाहीं. त्याच्या स्वभावांत रुक्षपणा होता, हट्ट होता, आणि दुसऱ्याला लागेल असें बोलण्याची संवय होती. त्याच्या पुस्तकांतही कोमल पानें थोडीं. धुरानें जळलेल्या शरीरानें त्याला शेवटपर्यंत सोडलें नाहीं. मूत्रपिंडें दोनदां बदलावीं लागलीं, २०१८ सालीं फुप्फुसें बदलावीं लागलीं, आणि २० मे २०१९ रोजीं झुरिच येथें, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, तो मरण पावला. त्याच्या नांवावर तीन अजिंक्यपदें आणि पंचवीस विजय आहेत. ह्याहून अधिक विजय मिळविणारे चालक झाले आणि पुढेंही होतील. पण जिचें मोल विजयांच्या यादींत कोठेंच नोंदलेलें नाहीं, अशी एक हरलेली शर्यत त्याच्या नांवावर आहे.

‘रश’ हा चित्रपट वाचकांनीं जरूर पाहावा. मुलांनाही, तीं जाणतीं झालीं असल्यास, दाखवावा. फक्त फुजीचा पाऊस संपल्यावर, हंटचा जयजयकार चालू असतां, मुलांना एक प्रश्न विचारावा : तो दुसरा माणूस आपल्या लोकांना काय सांगून निघून गेला असेल? माझ्या त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला मीं हाच प्रश्न परत केला. त्यानें बराच वेळ विचार करून विचारलें, “सर, हें उत्तर परीक्षेंत लिहिलें तर चालेल का?” मीं सांगितलें, चालेल, मात्र जगन्नाथपंडिताचें नांव लिहावयास विसरूं नकोस.